दोनदा आवळलेलं चाक

डबलला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी तो उकिडवा बसला होता. काम संपवून उठला, हात पुसले, शेजारच्या गाडीकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत वळला. पुन्हा त्याच चाकापाशी बसून त्याने एकेका नटाला पाना लावला. ठरलेला जोर पडला की त्या पान्यातून 'कट्' असा आवाज येतो. मला काचेआडून तो ऐकू येत नव्हता, पण पान्याला बसणारा बारीकसा झटका दिसत होता.

गाडी घेतली त्या कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये मी ती दरवर्षी तपासणीला नेते. गिऱ्हाइकांना बसायला तिथे एक खोली आहे आणि तिची एक भिंत सगळी काचेची आहे. पलीकडे गाड्यांची कामं चाललेली दिसतात. बहुतेक लोक काचेकडे पाठ करून मोबाइल बघत बसतात. मी मात्र काचेसमोरची खुर्ची पकडते. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर आमचं काम उलटं करून बघायच्या. सुलट बाजू कुणीही नीट करतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मला कामाची उलटी बाजू बघण्याची सवय जडली ती जडलीच.

"तो मघाशी काही विसरला होता का?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"कोण, डबल? नाही हो मॅडम. तो सगळंच दोनदा करतो. म्हणून तर डबल!"

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवत असेल. सुपरवायझर, बाकीचे मेकॅनिक, गेटवरचा वॉचमन, सगळे त्याला डबलच म्हणत. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ओरडायचं, "डबल, जेवलास का?" आणि दुसरा म्हणायचा, "एकदाच जेवलाय अजून, थांब जरा." तोही हसायचा. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, कानावरचे केस पिकलेले, आणि बोलणं अगदी कमी.

अशा माणसाच्या हातून चाकाचं काम काढून घ्यायची वेळ आली, आणि तीही माझ्याच गाडीमुळे. त्याची ही हकीकत आहे.

त्याच्यावर माझा विश्वास बसला तो एका टायरमुळे. टायर दिसायला ठणठणीत होता. मी म्हटलं, "हा तर नवाच दिसतोय." गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टवर होती. मला आत बोलावून तो म्हणाला, "आजी, इथे हात लावा." चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे उभ्या माणसाची नजर कधीच जात नाही तिथे, एक फुगवटा हाताला लागला. लिंबाएवढा. "हा भर रस्त्यात फुटतो," तो म्हणाला. मी टायर बदलला. तेव्हापासून मला घाईत 'सगळं ओके आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा हा 'इथे हात लावा' म्हणणारा माणूस बरा वाटू लागला.

घरी मात्र त्यावरून आठवडाभर व्याख्यान ऐकावं लागलं. आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर त्यांनी छापखाना चालवला. प्रुफं तपासता तपासता त्यांना सगळं जगच चुकांनी भरलेलं दिसू लागलं असावं. डॉक्टरांनी औषध दिलं की ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारतात, आणि दुसऱ्यांनी तेच सांगितलं की दोघं एकमेकांना सामील आहेत म्हणतात. फळवाल्याच्या काट्यावर आधी स्वतःची पिशवी ठेवून बघतात. घरात त्यांना आम्ही तपासनीस म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि त्यांना ते आवडतंही.

"वहिनी, फसवलं तुम्हाला," ते म्हणाले. "फुगवटा काय, हवा जास्त भरली की येतो."

"मी हात लावून बघितलं भाऊजी."

"हात लावून काय कळतं? कंपनीची माणसं असलीच. पार्ट बदलतच नाहीत. जुना पुसतात, परत लावतात आणि नवा म्हणून सांगतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी असतो तर मी तेच केलं असतं."

त्यावर जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाली, "म्हणूनच बरं तुम्ही गाड्या दुरुस्त करत नाही."

यंदाच्या तपासणीत डबलने सांगितलं की पुढचे ब्रेक पॅड झिजलेत, बदलायला हवेत. ब्रेक दाबला की चाकाला आवळून धरतात ते हे पॅड. चाक काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. पॅड बदलून झाले. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. जुने पॅड एका खोक्यात घालून त्याने माझ्या हातात दिले. पातळ झाले होते, बिस्किटासारखे.

मी ते खोकं भाऊजींना दाखवलं. म्हटलं, यंदा तरी त्यांचं समाधान होईल. त्यांनी पॅड चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले, वास घेतला.

"हे तुमच्याच गाडीचे कशावरून?"

"म्हणजे?"

"असं एक खोकं ठेवलेलं असतं वहिनी. येईल त्याला तेच दाखवायचं."

"पण खोकं मी घरी आणलंय ना! मग पुढच्याला ते काय दाखवतील?"

भाऊजींनी क्षणभर विचार केला. "दुसरं खोकं," ते म्हणाले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी जाऊबाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले. तिला गाडी चालवता येत नाही, पण शेजारी बसून ती माझ्याबरोबर ब्रेक दाबते. तिच्या पायाखालचं पायपुसणं त्यामुळे फाटलं आहे. गाव ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि कुठेतरी टक्-टक् वाजायला लागलं.

"ताई, काहीतरी वाजतंय."

"तुझ्या पिशवीतला डबा असेल."

तिने डबा पिशवीतून काढून मांडीवर घट्ट धरला. टक्-टक् चालूच. वेग वाढवला की आवाज वाढायचा, कमी केला की कमी व्हायचा. मग स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. आधी वाटलं, माझाच हात थरथरतोय. या वयात असा पहिला संशय स्वतःवरच येतो. पण दोन्ही हातांनी घट्ट धरलं तरी थरथर थांबेना. मी गाडी हळूहळू कडेला घेतली. जाऊबाईने एवढा ब्रेक दाबला की तिची चप्पल निघाली.

कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस मोटारसायकलवर आला. डाव्या पुढच्या चाकावरचं झाकण काढून त्याने नटाला हात लावला आणि हात लावल्या लावल्याच त्याचा चेहरा बदलला. नट बोटांनी फिरत होता. दुसराही. उरलेलेही म्हणावे तेवढे घट्ट नव्हते.

"काकू, अजून थोडं पुढे गेला असतात तर..." तो म्हणाला आणि गप्प बसून सगळे नट आवळू लागला. गप्प बसला तेच बरं झालं. जाऊबाई डबा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. त्याचं वाक्य तिने स्वतःच पुरं केलं असणार, कारण घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. अशी गप्प ती आमच्या लग्नघरातसुद्धा कधी बसली नव्हती.

सुपरवायझरचा दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. चाकं कुणी लावली ते कामाच्या कागदावर होतं. डबलने.

दोन दिवसांनी मी सर्व्हिस सेंटरमध्ये गेले तेव्हा डबल चाकांपाशी नव्हता. मागच्या अंगणात गाड्या धुवायच्या जागी पाइप घेऊन उभा होता. सुपरवायझरने मला आपल्या केबिनमध्ये बसवलं. गोल चेहऱ्याचा, सभ्य माणूस. बोलताना टेबलावरचं पेपरवेट सारखं फिरवत होता.

"मॅडम, तुमची लेखी तक्रार लागेल. सोमवारी मोठे साहेब येतायत. चाक ढिलं सोडणं आमच्याकडे खपवून घेत नाहीत. नियम आहे तसा."

"म्हणजे त्याचं काय होईल?"

"कामावरून जाईल. आणि कारण हे असलं, म्हणजे दुसरीकडेही कोणी चाकाला हात लावू देणार नाही." पेपरवेट थांबलं. "मला वाईट वाटतं. पण उद्या काही झालं तर?"

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मीच उभी होते. मी म्हटलं, "लिहून देते. पण आधी त्याच्याशी बोलते."

मला येताना पाहून डबलने पाण्याचा नळ बंद केला. पुढे गेला, परत येऊन नळ पिळून बघितला.

"आजी, तुम्हाला काही लागलं तर नाही ना? आणि त्या दुसऱ्या बाईंना?"

"नाही. तुम्ही ते नट आवळले होते ना?"

दुसरा कुणी असता तर चटकन हो म्हणाला असता. मीही म्हणाले असते. तो बराच वेळ हातातल्या पाइपकडे बघत राहिला.

"आठवत नाही," तो म्हणाला. "म्हणजे आवळले हे हाताला आठवतंय. दोनदा आवळले हेही आठवतंय. पण ते तुमच्या गाडीचे की शेजारच्या गाडीचे, हे आता सांगता येत नाही. त्या दिवशी मधेच मला दुसऱ्या गाडीवर बोलावलं होतं. रोज इतकी चाकं होतात आजी, एकाचं दुसऱ्यात मिसळतं. मी किती आठवून बघितलं."

"मग साहेबांना काय सांगणार?"

"हेच. खोटं सांगून चाक घट्ट थोडंच होणार आहे?"

मी त्या दिवशी तक्रार लिहिली नाही. सोमवारपर्यंत आणून देते, असं सुपरवायझरला म्हणाले. माणसाने 'आठवत नाही' म्हटलं की मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते, पण विश्वास ठेवून नट घट्ट होत नाहीत हेही मला दिसत होतं. मी रोज डायरी लिहिते, बारीकसारीक सगळं लिहिते. घरी गेल्यावर, चाकं लावली त्या दिवसाचं पान काढून पाहिलं तर त्यात डोळ्यांचे थेंब, वाणसामान आणि 'ब्रेक पॅड बदलले' एवढंच होतं. इतकी वर्षं लिहून उपयोग काय, असं मनात आलं.

त्याआधी, सर्व्हिस सेंटरमधून निघताना गेटपाशी एक बाई जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिने माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हीच का त्या आजी?"

ती डबलची बायको होती. उंच, ठसठशीत, नवऱ्याच्या दुप्पट बोलणारी. रागावलेली असेल म्हणून मी सावरून उभी राहिले. पण तिचा राग कुणावरच नव्हता, तिला कुणाशी तरी बोलायचं होतं.

"आजी, हा माणूस आधीपासूनच असा. घराचं कुलूप ओढून बघतो, जिन्यापर्यंत जातो, परत येऊन ओढतो. लग्न ठरवायला आले तेव्हा मला विचारलं, मी पसंत आहे ना? मी हो म्हटलं. दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, नक्की ना? आमच्या बाबांना वाटलं पोराला मुलगी आवडली नाही!" ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज चिरकला. "पण दोनदा बघितलं की ह्यांना शांत वाटायचं. आता तसं राहिलं नाही. आता तीनदा येतात, चारदा येतात. काल बस सुटली ह्यांची. शेवटी मला म्हणाले, तूच कुलूप लाव, माझ्या हातावर माझा भरवसा नाही. नोकरीचं काय, मी चार घरी शिवणकाम करीन. पण ह्या हातांचं काय करू, सांगा!"

मी तिच्या हातातला डबा उगाचच सरळ केला.

रविवारी भाऊजी आणि जाऊबाई माझ्याकडे जेवायला असतात. जाऊबाईची वाचा एव्हाना पूर्ण परत आली होती. झाला प्रकार भाऊजींनी तिच्या तोंडून बऱ्याचदा ऐकला होता. एरवी अशा वेळी 'मी सांगितलं होतं' हे त्यांचं वाक्य तयार असतं. पण ते यावेळी आलंच नव्हतं. मला वाटलं, बायको थोडक्यात वाचली म्हणून गप्प असतील.

मी डबलचं सगळं सांगितलं. गाड्या धुतोय, सोमवारी साहेब येणार, कामावरून काढतील. तक्रारीचा कागद मी टेबलावर ठेवला होता. तो अजून कोराच होता.

"लिहा ताई, लिहा," जाऊबाई म्हणाली. "दया कसली दाखवताय? आपण दोघी कुठे असतो आत्ता! भिंतीवर, हार घालून. ज्यांना नट आवळता येत नाहीत त्यांनी बाकी काय दिवे लावले असतील? मेल्यांनी ते पॅडसुद्धा बदलले नसतील."

"नाही, पॅड नवेच होते," भाऊजी म्हणाले.

ते अगदी सहज म्हणाले, घास घेता घेता. प्रुफातली चूक दिसली की त्यांना राहवत नाही, मग ती कुणाच्याही बाजूची असो. म्हणून झाल्यावर मात्र त्यांचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला काय स्वप्नात दिसले?" जाऊबाई म्हणाली.

भाऊजी ताटातली भाजी चाळवू लागले.

"भाऊजी," मी म्हटलं, "चाक काढल्याशिवाय पॅड दिसत नाहीत."

"दिसत नाहीत," ते म्हणाले.

"मग?"

"तुम्ही दोघी त्या प्रदर्शनाला गेला होता ना, चादरींच्या..." त्यांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "जादा किल्ली माझ्याकडे असतेच. म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी. तुमच्यासाठीच वहिनी. तुम्ही भोळ्या आहात."

"आणि परत चाक कोणी लावलं?"

"मीच. नीट लावलं. चांगला जोर लावला होता मी."

मग जाऊबाई एकदम उभी राहिली.

"म्हणजे माझा साबण!"

"कसला साबण?" मी विचारलं.

"माझा चांगला साबण, तुम्ही मला दिलेला! काळाकुट्ट झाला होता त्या दिवशी. मी नळवाल्याला बोलले, त्याची आई काढायची तेवढी बाकी ठेवली. तो बिचारा शपथा घेत होता. आणि हा माणूस," तिने भाऊजींकडे बोट दाखवलं, "हा माणूस तिथे बसून म्हणत होता, नळवाले असलेच असतात!"

मी हसू लागले. हसायचा प्रसंग नव्हता, पण गेल्या काही दिवसांत छातीवर जे काही बसलं होतं ते एकदम उठून गेलं. डबलने नट आवळले होते. दोनदा आवळले होते. रडू येतंय की हसू, मला कळेना, तेव्हा मी दोन्ही थोडं थोडं केलं. जाऊबाई आधी माझ्यावर रागावली आणि मग तीही हसायला लागली. भाऊजी आमच्याकडे एखाद्या अवघड प्रुफाकडे बघावं तसे बघत होते.

"वहिनी, मी फोन करून सांगतो त्यांना," ते म्हणाले.

"फोन नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं."

"सगळ्यांसमोर?"

"अहो, मी दगडावर बसले होते सगळ्यांसमोर," जाऊबाई म्हणाली. "तुम्ही निदान खुर्चीत बसाल."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. भाऊजी मागच्या सीटवर ताठ बसले होते आणि प्रत्येक वळणावर खिडकीतून चाकाकडे वाकून बघत होते. मोठे साहेब अजून यायचे होते. सुपरवायझरने डबलला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. भाऊजींनी घसा खाकरला. छापखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला शब्द सापडेनात हे मी प्रथमच पाहिलं.

"ते चाक मी काढलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही लावल्यानंतर. पॅड नवे आहेत का ते बघायला."

डबलला लगेच कळलं नसावं. त्याने सुपरवायझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"तुम्ही काढलंत," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही काढलंत ना? म्हणजे नट तुम्ही सोडवले. सोडवताना घट्ट होते?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. भाऊजींनी मान खाली घातली.

"फार. पान्यावर उभा राहिलो तेव्हा सुटले. कमरेत लचक भरली माझ्या."

डबल जवळच्या स्टुलावर बसला. तळहात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने त्याच हातांनी चेहरा पुसला. केबिनमध्ये पेपरवेट फिरायचं थांबलं होतं.

"सगळे घट्ट होते?" त्याने पुन्हा विचारलं.

"सगळे."

"नक्की ना?"

"नक्की," भाऊजी म्हणाले. जाऊबाईने माझ्या कोपराला चिमटा काढला. डबलच्या लग्नाची गोष्ट मी तिला गाडीत सांगितली होती.

थोड्या वेळाने डबल नेहमीच्या आवाजात बोलायला लागला. "लावताना गाडी जॅकवरच होती का?"

"हो. वर असतानाच आवळले."

"चाक हवेत असताना ते हाताबरोबर फिरतं. आपल्याला वाटतं, जोर नटाला लागतोय. खाली टेकवल्यावर परत आवळावे लागतात. नवशिक्याचं हमखास तिथेच चुकतं. माझंही चुकलं होतं, मामाच्या दुकानात होतो तेव्हा. मामाने असा फटका दिला होता!" तो हसला. त्या आठवड्यात बहुधा पहिल्यांदाच. "पण बघायचं होतं तर मला बोलवायचं ना काका. मी तुमच्यासमोर उघडून दाखवलं असतं. त्यात राग कसला? मीही नसता ठेवला विश्वास. मी तर माझ्यावरही ठेवत नाही."

भाऊजींना हे अपेक्षित नव्हतं. ओरडा खायची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी ओरडलंच नाही की तो बावचळतो. "माझी चूक झाली," ते म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. जाऊबाई नंतर म्हणाली, "डायरीत लिहा हो ताई, नाहीतर उद्या नाकबूल करतील." मी लिहिलं आहे.

मोठे साहेब आले, केबिनचं दार बंद झालं आणि थोड्या वेळाने उघडलं. सुपरवायझर बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "डबल, तीन नंबरच्या लिफ्टवर जा. पाइप कुणाला तरी दे." आतल्या मेकॅनिकांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणीतरी ओरडलं, "डबल, पगार पण डबल माग!"

तीन नंबरच्या लिफ्टवर माझीच गाडी होती. सुपरवायझरने चारही चाकं पुन्हा तपासायला सांगितली होती. भाऊजींना आत जाऊन बघायची परवानगी मिळाली. जमिनीवरच्या पट्ट्यामागे हात पाठीशी बांधून ते उभे राहिले. डबलने डावं पुढचं चाक काढलं, आतले पॅड त्यांना दाखवले. ते वाकले. काय बोलत होते ते काचेमुळे कळलं नाही, पण मग डबलने चाक बसवून गाडी खाली टेकवली, त्यांच्या हातात पाना दिला आणि एक नट आवळायला लावला. झटका बसताच भाऊजी दचकले. मग मोठा दागिना सापडल्यासारखे आमच्याकडे वळून बघू लागले.

"झालं," जाऊबाई म्हणाली. "आता घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं आवळत बसणार."

काचेपलीकडे भाऊजींचा नट डबलने स्वतः पुन्हा तपासला. मग बाकीचे आवळले. उठला, हात पुसले, चार पावलं गेला. डबलची बायको म्हणाली होती ते मला आठवत होतं, की आता दोनदा बघून भागत नाही.

तो परत वळला. चाकापाशी बसला. एकेका नटाला पाना लावला. प्रत्येक वेळी तो बारीक झटका. मग उठला आणि मागच्या चाकाकडे गेला.

मी बघत राहिले. तो मागच्या चाकाचं झाकण काढत होता. त्याची पुढच्या चाकाकडे पाठ होती आणि तो काही तिसऱ्यांदा वळला नाही.

"चला," मी जाऊबाईला म्हटलं, "चहा कुठे मिळतो ते बघू."